‘ताई, तुमचं नाव कुठे बघायचं?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात राहणारी कला-उपचारक (आर्ट थेरपिस्ट) आहे, म्हणजे चित्रं आणि मातीकाम यांच्या आधाराने मनावर उपचार करते. दोन महिन्यांपूर्वी इथल्या मांडवीकडे राहणाऱ्या एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे. मुलाचे आजोबा उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून तो रात्री अंथरूण ओलं करायचा, शाळेत कुणाशी बोलायचा नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून आईने त्याला सुट्टीतल्या दोन दिवसांच्या ‘आर्ट थेरपी’ शिबिरात घातलं. एका हॉलमध्ये चाळीसेक मुलं. ‘तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते काढा,’ असं मुलांना सांगितलं. याने आजोबांची तिरडी काढली. संध्याकाळी सगळी चित्रं दोरीला चिमट्यांनी टांगली, पालकांना बोलावलं आणि एकेका चित्राचा अर्थ माइकवरून सांगितला. या मुलाच्या चित्रापाशी आल्यावर शिबिर घेणारी व्यक्ती म्हणाली, ‘याच्या मनात खूप राग साठलेला आहे.’ त्या दिवसापासून मुलाने पेन्सिल हातात धरलेली नाही. गृहपाठालासुद्धा नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या माझ्या भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत म्हणाल्या, ‘सर्टिफिकेट तिथेही होतं. ताई, तुमचं नाव कुठे बघायचं?’

मी फोन काढून इंग्लंडच्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची, म्हणजे उपचार करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेची, नोंदवही उघडली आणि माझं नाव दाखवलं. तिथे नाव टाकलं की कुणालाही दिसतं, नोंद चालू आहे की नाही हेही कळतं. त्यांनी ते नीट वाचलं. मग म्हणाल्या, ‘हे तिकडचं झालं. इकडचं?’

इकडचं दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी दांडिया बझारात वाढले. वडील रेल्वेत, प्रतापनगरच्या कचेरीत होते. रविवारी ते मला कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं दाखवायला नेत, आणि ‘गंगावतरणा’समोर आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते उभे असू. पुढे मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्येच पेंटिंग शिकले. ज्या विभागाची घडी इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी १९५० साली बसवली, त्या विभागाची मी विद्यार्थिनी, याचा मला आजही अभिमान आहे. काही वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. वर्गातली काही मुलं कागदावर जे काढायची, त्यापुढे शिक्षिका म्हणून मी अपुरी पडते, हे जाणवायला लागलं. मग कर्ज काढून लंडनला गेले. कला-मानसोपचाराचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.ए. केलं. त्या दोन वर्षांत आठवड्याचे काही दिवस प्रत्यक्ष रुग्णालयात आणि शाळेत काम असायचं, आणि प्रत्येक केसचा हिशेब अनुभवी उपचारकासमोर द्यावा लागायचा. आणि दर आठवड्याला स्वतःची थेरपी घ्यायची, स्वतःच्या खर्चाने, कारण स्वतःचं दुःख ओळखता येत नसेल तर ते रुग्णाच्या चित्रात दिसायला लागतं. नंतर सात वर्षं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत काम केलं, बहुतेक काळ स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांबरोबर.

तिकडेही हे एका दिवसात झालेलं नाही. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द एड्रियन हिल या चित्रकाराने १९४२ साली वापरला. क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना चित्रं काढण्याने आपल्याला जगायला बळ मिळतं हे त्याच्या लक्षात आलं आणि तो शेजारच्या रुग्णांनाही रंग द्यायला लागला. १९४६ पासून एडवर्ड अॅडमसन या दुसऱ्या चित्रकाराने सरे परगण्यातल्या नेथर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवली. उपचारकांची संघटना झाली १९६४ मध्ये. आणि सरकारी नोंदवहीत या व्यवसायाचं नाव चढलं १९९७ साली. शब्द रूढ झाल्यापासून नोंद होईपर्यंत पंचावन्न वर्षं गेली. आज तिथे ‘आर्ट थेरपिस्ट’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे. नोंद नसताना कुणी ते लावलं तर तो गुन्हा ठरतो. नोंदही कायमची नसते, दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. माझ्याविरुद्ध तक्रार असेल तर ती कुठे करायची हे माझ्या रुग्णाला माहीत असतं. मला वाटतं, नोंदवहीचं सगळं महत्त्व या शेवटच्या गोष्टीत आहे.

चूक त्या मुलाची नव्हती. शिबिराचं काय चुकलं ते सांगते. आमच्या खोलीत चित्र चांगलं की वाईट हा प्रश्न येत नाही. चित्र बघून निदान सांगणं हेही आमचं काम नव्हे. काळा रंग म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग, असं कुणी सांगत असेल तर त्या माणसापासून मूल लांब ठेवा. आठवडेच्या आठवडे एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच माणसासमोर मूल रंग किंवा माती हाताळतं. जे शब्दांत येत नाही त्याला आधी आकार मिळतो, आणि मग त्या आकाराकडे दोघं मिळून बघतात. घाई करायची नाही. दुःख ताजं असलेल्या मुलाला चाळीस जणांत ‘भीती काढ’ असं कुणीही प्रशिक्षित माणूस सांगणार नाही. काढलंच तर ते टांगणार नाही. चित्र मुलाचं असतं आणि ते कपाटात कुलपात राहतं. आईवडिलांना दाखवायचं की नाही हे आधी मुलाला विचारलं जातं. आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचं, हे आम्हाला सर्वांत आधी शिकवतात. त्या शिबिर घेणाऱ्या व्यक्तीचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण तिला विचारणारं कुणी नाही, आणि मलाही विचारणारं कुणी नाही. त्या आईच्या दृष्टीने आम्ही दोघी सारख्याच, आणि तिचं बरोबर आहे.

२०१९ मध्ये मी बडोद्याला परत आले, कारण वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. उजवा हात गेला होता. डाव्या हाताने ते खडूने दोन समांतर रेघा ओढायचे आणि त्यांच्यामध्ये आडव्या रेघा. रेल्वेचे रूळ, दुसरं काय असणार. मी दारात उभी राहून बघायची. आमच्या व्यवसायात घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. मी लेक होते, मला लेकच राहायचं होतं. म्हणून मी दुसरं कुणी शोधायला लागले. कोणत्या यादीत शोधायचं? ज्या शहरात देशातल्या नामवंत चित्रकारांनी हयात घालवली, जिथे स्पीच थेरपिस्ट मिळतात, फिजिओथेरपिस्ट गल्लोगल्ली मिळतात, तिथे वडिलांसाठी मला एक खात्रीचा कला-उपचारक सापडला नाही. कदाचित कुणी असेलही, दोन गल्ल्या पलीकडे. पण ते कळणार कसं? वडील २०२१ मध्ये गेले. रुळांचे कागद माझ्याकडे आहेत.

आता कागदपत्रांचं. परत आल्यावर मी माझ्या पदवीची समकक्षता मिळवली. म्हणजे माझं एम.ए. हे इथल्या एम.ए.च्या बरोबरीचं आहे, एवढं कागदावर आलं. तो कागद घेऊन एका कचेरीत गेले तेव्हा खिडकीवरच्या साहेबांनी अगदी सभ्यपणे विचारलं, ‘बेन, आ चित्रकाम मां गणवानुं के सायकोलॉजी मां?’ मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या फॉर्मवर दोनच रकाने होते. चित्रकलेत धरलं तर मला शाळेत ड्रॉइंग टीचर होता येतं, रुग्णाजवळ जाता येत नाही. मानसशास्त्रात धरलं तर भारतीय पुनर्वास परिषदेची (रिहॅबिलिटेशन कौन्सिलची) क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पात्रता लागते. ती माझ्याकडे नाही, आणि ते नाव मला लावायचंही नाही, कारण ते काम वेगळं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकारतज्ज्ञांखेरीज क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्याच्या नर्स आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी सांगितली आहे. आमचं नाव त्यात नाही.

२०२२ च्या जुलैमध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला, तेव्हा मला फार आशा वाटली होती. पण त्यातून वैद्यक, नर्सिंग, पॅरामेडिकल, अभियांत्रिकी, कायदा असे व्यवसाय वगळलेले आहेत. म्हणजे माझं शिक्षण कला मानलं तर पदवी चालते पण उपचार नाही, आणि उपचार मानलं तर करारच लागू नाही. आज एका विशेष शाळेच्या पगारपत्रकावर मी चित्रशिक्षिका आहे. मुलांच्या फाइलीत माझी टिपणं ‘शेरा’ या रकान्यात जातात. मनोविकारतज्ज्ञ ती वाचतात, उपयोग होतो म्हणतात, पण माझ्या सहीला वजन नसतं.

असं असूनही एक कायदा आपल्याकडे आहे, आणि तो फार लोकांना माहीत नाही. २०२१ चा राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, आहारतज्ज्ञ अशा पन्नासहून अधिक व्यवसायांना त्याने एका छताखाली आणलं. त्याच्या परिशिष्टात ‘मुव्हमेंट थेरपिस्ट’ असा एक व्यवसाय आहे आणि त्याच्या पोटात आर्ट, डान्स व रिक्रिएशनल थेरपिस्ट धरलेले आहेत. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा मी रात्री अकरा वाजता आईला उठवून वाचून दाखवली. संसदेने केलेल्या कायद्यात आमच्या कामाचा शब्द होता. चित्रकला ही हालचालीच्या पोटात का जावी हे मला समजत नाही, पण त्यावरून मी भांडणार नाही. शब्द आहे, एवढं पुरेसं आहे.

या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याने परिषद नेमायची, नोंदवही ठेवायची. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. हजारोंच्या संख्येने असलेल्या व्यवसायांचं काम आधी होणार हे मी समजू शकते. फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम ठरवणं सोपं आहे, कारण कॉलेजं आहेत, प्राध्यापक आहेत. आमच्यासारखे मूठभर लोक, त्यातले बरेचसे बाहेर शिकलेले, त्यांचं काय मोजायचं हा प्रश्न शेवटच्या पानावर राहतो. पण मोजता येतं. हा कायदाच तासांत बोलतो. सहायक व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचं शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी ३६०० तासांचं. माझ्या विद्यापीठाने मला वर्गाचे, रुग्णालयातल्या कामाचे आणि सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी उपचारकाच्या देखरेखीचे, तास सही-शिक्क्याने लिहून दिलेले आहेत. ते कुणीतरी टेबलावर घेऊन बसावं आणि काय कमी पडतं ते सांगावं. इंग्लंडमध्ये उपचारकाच्या कामात दोन ते पाच वर्षांचा खंड पडला तर ३० दिवसांची उजळणी मागतात, पाचच्या वर गेला तर ६० दिवसांची. परदेशातून येणाऱ्याची भाषा इंग्रजी नसेल तर ती येते हेही दाखवून द्यावं लागतं. दार अरुंद आहे, पण दार आहे.

सगळ्या देशांत असं आहे असं नाही. अमेरिकेत एका राज्यात स्वतंत्र परवाना मिळतो आणि शेजारच्या राज्यात मिळत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१५ पासून पात्र कला-उपचारकांना मानसोपचारकांच्या ‘कॉलेज’मध्ये, म्हणजे तिथल्या नियामक संस्थेत, नोंद मिळू शकते. ऑस्ट्रेलियात सरकारी नोंद नाही, व्यावसायिक संघटनाच सभासदांची पात्रता तपासते. म्हणजे माझ्यासारखी एखादी मेलबर्नहून आली तर तिच्याकडे सरकारी क्रमांक नसेल, तरी तिचं शिक्षण कमी असेल असं नाही. म्हणून नुसता ‘तिकडचा परवाना आहे का’ हा प्रश्न पुरणार नाही. काय शिकलात, किती तास कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत, हे बघावं लागेल.

आणि एक गोष्ट मी स्वतःविरुद्ध जात असली तरी सांगणार आहे. बाहेरची पदवी आहे म्हणून डोळे झाकून मान्यता देऊ नये. परत आल्यावर पहिल्याच वर्षी एका वृद्धाश्रमात एक गुजराती आजी होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खोलीबाहेर पडत नसत. रंग दिले की रोज तेच काढायच्या, एक चौकट, त्यात रेघा, चार ठिपके. आठ दिवस, दहा दिवस, तेच. मी लंडनच्या सवयीने टिपणात लिहिलं, ‘पुनरावृत्ती, अडकलेपण.’ मग त्यांच्या सूनबाई भेटायला आल्या, कागद बघितले आणि रडायलाच लागल्या. ‘आ तो बा नो साथियो.’ पंचावन्न वर्षं रोज पहाटे उंबऱ्यावर पिठाने काढलेला साथिया, म्हणजे स्वस्तिक. त्या अडकलेल्या नव्हत्या, त्या सकाळ करत होत्या. दुसऱ्या दिवशी मी रंग बाजूला ठेवले, खोलीच्या दाराशी एक पाट मांडला आणि वाटीत तांदळाचं पीठ दिलं. मी इथली असून, आमच्याही उंबऱ्यावर रांगोळी पडत असून मला ते दिसलं नव्हतं. जी इथली नसेल तिला कसं दिसेल?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बाहेर शिकून आलेल्याने इथे सहा महिने तरी देखरेखीखाली काम करावं, गुजराती किंवा ज्या भाषेत रुग्ण बोलतात त्या भाषेत परीक्षा द्यावी, आणि मगच नाव चढावं. मी ती परीक्षा आनंदाने देईन. गुजरातेत सरकारी मानसिक रुग्णालयं चार आहेत, अहमदाबाद, बडोदा, भुज आणि जामनगर. त्यातलं एक आपल्या कारेलीबागेत. तिथे अशा उमेदवारीची सोय करता येईल. वॉर्डात रुग्णांना काम मिळेल आणि आम्हाला इथल्या मातीत पुन्हा शिकता येईल. देखरेख कोण करणार, हा प्रश्न खरा आहे. मी स्वतः अजून महिन्यातून दोनदा व्हिडिओवर लंडनच्या सुपरव्हायझरशी बोलते, कारण इथे कुणी सापडत नाही. सुरुवातीला तसंच करावं लागेल, मनोविकारतज्ज्ञ इथले आणि कला-उपचाराचा जाणकार दूरचा. पाच वर्षांत इथलेच तयार होतील. मुंबईत नृत्य-उपचार शिकून आलेल्या मुली बडोद्यात आहेत, त्यांनाही हीच वाट मिळावी. फाइन आर्ट्समधून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींत या कामाची ओढ असलेले दोन-चार तरी मला भेटतात. त्यांना मी आज काय सांगू? घर गहाण टाकून परदेशी जा आणि परत येऊन ड्रॉइंग टीचर व्हा?

ज्या बडोदे संस्थानाने १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केलं, त्या संस्थानाच्या राजधानीतून ही मागणी निघावी असं मला मनापासून वाटतं.

तो मुलगा दर मंगळवारी येतो. पेन्सिल अजून नाही, पण माती घेतो. पहिले चार मंगळवार त्याने ती नुसती पाण्यात कालवली. पाचव्या वेळी दोन चाकं केली, एकात एक अडकवली आणि म्हणाला, ‘आजोबांची सायकल. सीट राहिली.’ त्याच्या वडिलांनी कारखान्यात वैद्यकीय खर्चाच्या परताव्यासाठी माझ्या पावत्या दिल्या होत्या. त्या परत आल्या, उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही म्हणून. त्यांनी मला विचारलं तेव्हा माझा इंग्लंडचा क्रमांक तिथे लिहावा असं क्षणभर मनात आलं. पण तो इथे लागू नाही, म्हणून रकाना कोरा ठेवून पावती परत दिली.

गुजरातेत कला, संगीत, नाट्य किंवा नृत्य-उपचाराचं शिक्षण घेऊन काम करणारे, कुठेही शिकलेले, जे कुणी हे वाचत असतील त्यांनी कृपया संपादकांमार्फत मला कळवावं. राज्य परिषदेकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी गुजरातीत आणि मराठीत करून ठेवला आहे. एकटीच्या सहीने तो पाठवायचा नाही म्हणून थांबले आहे.

आपली,
एक कला-उपचारक
दांडिया बझार, बडोदे
(रुग्णांच्या गोपनीयतेसाठी नाव छापू नये ही विनंती. नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)